मोरघारीचं बिऱ्हाड

नका जाऊ सायेब, उगा पाय दुखवून घेऊ नका — रिकामं हाय म्हनते ना मी. बसा, च्या घ्या. घळीत उतरायला अर्धा तास, चढायला एक तास, आन एवढं करून वर मान करून बघायचं काय, तर चार वाळक्या काटक्या. माझ्यावर इस्वास न्हाई का तुमचा? व्हय, मी रानाच्या गार्डाची बायकू, चांगुणा म्हनत्यात मला, आन तुमी पुन्याचे, शिकलेले — पन ह्या नाक्यावर अकरा वर्सं काढल्यात मी, त्या मोरघारीचं समदं मला तोंडपाठ हाय. तुमच्या कागदात काय लिवलंय ते बी ठावं हाय, ह्यांनी घरात धा येळा वाचून दाखवलंय — मोरघारीचं घरटं नांदतं असंल तर चार नंबरच्या कुपातली, म्हंजे तोडीला काढलेल्या रानाच्या तुकड्यातली, तोड थांबवायची, आन रिकामं असंल तर झाडांवर हातोड्यानं तोडीचा शिक्का मारून ठेकेदाराला रान मोकळं करायचं. इतकंच ना? मग झालं. लिवा, रिकामं. तीनला राजूरहून यष्टी हाय, ती घावंल तुमाला.

ते व्हय? ते गेलेत पलीकडच्या घळीला. पहाटंच गेलेत, भाकरी बांधलेली तशीच ठेवून — तुमी आज येनार हे ठाऊक असून बी गेले, म्हंजे तुमी यायच्या आत मोरघार कुटं दिसली तर बरं. रोजचंच हाय हे. संक्रांत झाल्यापास्नं रोज. आज ही घळ, उद्या तो कडा, परवा पार खिंडीपत्तुर. दाढी वाढलीय, कपडे काट्यांनी फाटलेत, जेवायला बसले तर हात ताटात आन कान बाहीर. मी इचारते, मीठ बरोबर हाय का? म्हनत्यात, शीळ ऐकलीस का गं तू? घ्या. असल्या मानसापुढं काय वाढायचं बाईनं.

हसू नका सायेब. तुमाला हसायला येतंय, पन मी तिला सवत म्हनते, आन खरंच म्हनते. गावाकडं माझ्या चुलतबहिनीला सवत आली तर निदान भांडायची तरी सोय हुती, एकमेकीच्या झिंज्या धरायची सोय हुती. माझी बसलीय साठ हात उंच झाडावर, तुरा फुलवून, आन माझा नवरा खाली मान वर करून. कसं भांडू? लगीन झालं तवा मी पाथर्डीकडची — तिकडं काय, समदं उघडं बोडकं, उनाचं रान — सहा वर्सांनी इकडं डोंगरात बदली झाली म्हनल्यावर मला वाटलं, चला, झाडाझुडपात संसार करू. झाडं हायेत बी. पन आमचं क्वार्टर बघितलं ना तुमी? येता येता घाम पुसला की न्हाई? टेकाडावर, एक झाड न्हाई सावलीला. सरकारनं बांधलंय, रस्त्यावरनं दिसावं म्हनून. दुपार कलली की ऊन तिरपं शिरतं ते थेट चुलीपत्तुर, भाकरी थापताना डोळं उघडत न्हाई माझं. अकरा वर्सं म्हनते, चार मेढी रोवा, वर पाला टाका, एक आडोसा करा मावळतीकडनं. तर म्हनत्यात, सरकारी जागा हाय, हात लावता येत न्हाई.

आन तिच्याबद्दल बोलताना ऐका. तिला काय लागतं, काय चालत न्हाई, समदं पाठ. "चांगुणे, ती रानाच्या कडेला घर करत न्हाई, पार आत करती. चांगुणे, ती बुटकं झाड घेतच न्हाई, समद्यांत उंच, समद्यांत जुनं, तेच घेती. फांदीच्या बेचक्यात घेती, खोडाला लागून, वारं लागू न्हाई म्हनून. खाली पानी पायजे, ओहोळ म्हना, झिरा म्हना. आन मावळतीचं ऊन तिला आजाबात चालत न्हाई" — हे मला सांगत्यात, सायेब, मावळतीचं ऊन तोंडावर घेऊन मी चुलीपुढं बसलेली असताना. आन काय सांगत्यात? "रोज ताजा हिरवा पाला आनून आंथरती बघ घरट्यात, शिळा ठेवत न्हाई. घर कसं ठेवावं ते तिच्याकडनं शिकावं." मी त्या दिवशी घर सारवलं न्हवतं. पाठ दुखत हुती. त्यांनी टोमना मारला असं न्हाई बरं का — टोमना मारला असता तर बरं झालं असतं, मी उलटून बोलले असते. त्यांच्या ध्यानात बी न्हवतं मी तिथं हाय ते.

वही बघितली का त्यांची? तुमाला दाखवतीलच, पोटच्या पोराला दाखवल्यासारखी. सालाच्या साल लिवून ठेवलंय, कुठल्या झाडावर, किती उंच, तोंड कुटं, पानी किती पावलांवर. झाडावर चढून दोरी लावून घरट्याचं माप घेतलंय, साडेतीन हात रुंद. आन मला जत्रंतनं बांगड्या आनल्या तर मनगटात जाईनात. दोन सालं आनल्या, दोन्ही सालं बारीक. सतरा वर्सं ह्या हाताचं खात्यात, पन त्याचं माप काय ठाऊक न्हाई बाबा. त्या बांगड्या बनुबाईच्या लेकीला दिल्या — बनुबाई म्हंजे खालच्या वाडीतली, माझ्याबरोबर पान्याला असती. आनखी ऐका. माझी तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली हुती, ह्याच पडवीत, मी चूल फुंकतेय आन वरनं आली ही बया, उचलली की गेली. मी बोंबलत बाहीर आले. हे धावले — मला वाटलं दगड मारत्यात — तर टोपी काढून बघत उभे, कसली सरळ चालली, कुठल्या फांदीवर बसती. आन मला म्हनत्यात, तिच्या पोराला लागतं गं. माझी नऊ अंडी गार झाली त्याचं काय न्हाई.

रिकामं का झालं म्हंता? दुष्काळ हो, दुसरं काय. इकडं बरं म्हनायचं, पन गेल्या साली तिकडं पूर्वेला थेंब न्हाई पडला. नगरकडनं, पाथर्डीकडनं लोक गुरं हाकत आले ह्या डोंगरात, धा-धा दिवस चालत, वाटंत एखादं पडलं की तिथंच सोडून पुढं. तर त्या घळीत नांदरुकाचं झाड हुतं, ते जुनं, मोठं, तिचं घरटं त्याच्यावरच. नांदरुकाचा पाला गुरं जीव टाकून खात्यात. आले कोन गडी, चढले कोयते घेऊन आन एका दिसात फांद्या छाटून पाला पाडला समदा. घरट्याला हात न्हाई लावला कुनी. पन वरनं सावलीच गेली ना, उघड्यावर कशी बसंल ती? अंडं घातलेलं, एका येळला एकच घालती. उनात करपून गेलं. दोन दिवस शीळ घालत फिरली घळीवरनं, मग गेली. कोन हुते? आता मला काय ठावं कोन हुते, बाहीरची मानसं, आली तशी गेली.

हे त्या दिवशी रेंज हापिसात गेले हुते, म्हैन्याची बैठक असती. दुसऱ्या दिवशी घळीत गेले, आन सांजचे परत आले. पडवीत बसले. मी पाठीवर हात ठेवला तर म्हनले, "मी राखायला हुतो, माझ्या हातनं राखलं न्हाई." आन रडले, सायेब. गडीमानूस रडला. मी बाळंतपनात मरता मरता वाचले, पोर गेलं, तवा हा मानूस रडला न्हवता. तवा रेंजरला रजेचा अर्ज लिवत बसला हुता, नीट अक्षरात. मी पाठीवरचा हात काढला आन आत गेले. मला तिचा इतका राग आला ना. मेली न्हवती, नुस्ती उडून गेली हुती, तरी तिच्यासाठी रडू, आन माझ्या पोरासाठी अर्ज.

तुमाला भाऊ हाय का? थोरला? माझा धाकटा हाय, भिमाजी. तुमच्याच वयाचा असंल. तो आल्ता संक्रांतीच्या आधी. आठ जनावरं घेऊन निगाला, इथं पाच पोचली — दोन बैल, तीन गाया, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. बहिनीच्या दारात आला, मोठ्या आशेनं. दाजी रानाचा राजा हाय म्हनून. मी म्हनलं, आवो, खाली घळीत हिरवं हाय, नांदरूक हाय, चार फांद्या घेऊ द्या माझ्या भावाला. तर काय म्हनले? शांतपने म्हनले हो, राग न्हाई, काय न्हाई — "त्या घळीत न्हाई. ती बसलीय." एवढंच. माझ्या भावाला. त्याच्या बैलांच्या तोंडाला फेस आल्ता आन ती बसलीय. भिमाजी पडला पाव्हना मानूस. मुक्या जनावरांना घेऊन त्या उघड्या टेकाडाखाली दोन दिवस बसला. मला अन्न गोड लागंना. तिसऱ्या दिवशी ह्यांची बैठक. यष्टी वळनावरनं गेलेली बघितली मी, आन भिमाजीला म्हनलं, ऊठ, कोयता घे.

काय? बघताय काय असं?

व्हय. तोच पाला. मीच वाट दाखवली, मीच फांद्या ओढल्या, मोळ्या बांधल्या. मला ठाऊक न्हवतं असं नका समजू, मला चांगलं ठाऊक हुतं सावली गेल्यावर काय व्हनार ते. ह्यांनीच शिकवलं ना, तिला मावळतीचं ऊन चालत न्हाई. म्हनलं, घे आता, तू बी घे जरा तोंडावर. बैल वाचले माझ्या भावाचे, परवाच सांगावा आला, उभे हायेत. त्याचं मला वाईट वाटत न्हाई, न्हाई वाटत. आन ह्यांना तुमी सांगनार असलात तर सांगा — न्हाई, नका सांगू. सायेब, नका सांगू. सूर्यभानला हे कळलं तर तो मला काय बोलनार न्हाई, तेच तर — अगंबाई, नाव घेतलं की मी नवऱ्याचं. बघा, कुठल्या थराला नेलं त्या पाखरानं.

लिवलंत का रिकामं? बरं केलं. आता बघा, तोड झाली की हा नाका उठनार, ते रेंजरच म्हनलेत. आन ह्यांची बदली नगरला, रोपवाटिकेत. नगरला क्वार्टर हाय, दारात नळ हाय. नळ, सायेब. इथं मी पान्याला जाते ते सांगू? टेकाड उतरून, वाडी वलांडून झऱ्यावर, दोन घागरी डोक्यावर घेऊन पुन्ना चढ. दिसातनं तीन खेपा. अकरा वर्सं. ह्या अकरा वर्सांत ह्यांनी झरा बघितलाय का इचारा. कसा बघतील? तितं बायका न्हात्यात, धुनी धुत्यात, गडीमानसानं तिकडनं जायचं न्हाई अशी चाल हाय वाडीची, चांगली चाल हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. हे तर नाक्याचे गार्ड, आनखी लांबनं वळसा घेत्यात, कुनी बोट दाखवू न्हाई म्हनून. समदं रान पायाखाली घातलंय, तेवढी एक जागा सोडून. म्हनून तर दोन म्हैने हिंडत्यात येड्यासारखे. काखंत कळसा आन गावाला वळसा, दुसरं काय. परवा माझ्या घागरीत खारीचं शेपूट पडलं वरनं, बनुबाई म्हनली, आता तरी सांग त्यांना, कशाला छळतीस, मी म्हनलं —

काय न्हाई. आमचं बायकांचं बोलनं. च्या गार झाला तुमचा.

न्हाई हो, शेपूट काय, कुठनं बी पडतं. कावळा असंल. वही कशाला उघडताय पुन्ना? झालं ना लिवून?

... बरं. तुमी काय सोडनार न्हाई, शिकलेली मानसं अशीच. ती हाय. झऱ्यावरच्या रायवळ आंब्यावर हाय, घरटं नवं केलं शिवरातीच्या आधी. म्या पयल्यांदा बघितलं तवा तोंडात हिरवी डहाळी हुती तिच्या, माझ्या डोक्यावरनं गेली. मला वाटलं माझाच सूड घ्यायला आली. ह्यांची वही म्हनती मानसापास्नं लांब, धुरापास्नं लांब, आत पार आत. पन बाईला काय लागतं ते वहीत कुटं असतं? पानी लागतं, सावली लागती, आन तरास देनारं कोन नको. झऱ्यावर गडी येत न्हाई, पोरं दगड मारत न्हाईत, आंबा आंबट म्हनून कोन चढत न्हाई. आन बायका खाली वाकून पानी भरत्यात, वर बघायला येळ कुनाला हाय? तिनं बराबर वळखलं. मी मान वर केली म्हनून मला दिसली, आन मी तरी का केली, तर अकरा वर्सं ज्या मानसाची मान वर बघितली त्याची सवय लागली असंल मला. आता अंड्यावर हाय. बसून असती, जागची हलत न्हाई, तिचा दादला तिला आयतं आनून देतो चोचीजवळ. नशीब लागतं बाबा त्याला बी.

का न्हाई सांगितलं? इचारा, इचारा. नळासाठी म्हना. खोटं न्हाई ते. पन खरं सांगू, मला वाटलं, ती गेली तर मग माझ्याकडं बघतील. दुसरं हायेच कोन घरात? दोन म्हैने वाट बघितली मी. रोज सांजचं तोंड धुऊन, येनी घालून बसायची पडवीत, चाळिशीची बाई. येत्यात, माझ्यावरनं नजर काढत्यात आन आभाळात बघत्यात. हाय तवा तिची, न्हाई तवा बी तिचीच. तरी म्हनलं, ऱ्हाऊ दे, घळ तुटली तर तुटू दे, झरा काय घळीत न्हाई, ती आपली आंब्यावर नांदंल सुखानं, आमी नगरला जाऊ, आन कुनाचं काय बिघडनार न्हाई.

काय म्हनलात? नकाशा इकडं करा बरं. मला वाचता येत न्हाई, बोट ठेवून दाखवा. हा आमचा नाका. ही घळ. आन ही रेघ? ही निळी, ही झरा? मग चार नंबरची हद्द कुटंय... एवढी? झऱ्याच्या पल्याड? म्हंजे आंबा आत येतो? नीट बघा हो सायेब, बारीक बघा. मी धरून चालले हुते, हद्द घळीतल्या वढ्यापाशी संपती. आत येतो. तो बी तोडत्याल.

अंड्यावर हाय हो ती. एकदा मी तिचं एक करपवलं. बनुबाईच्या घागरी, माझ्या घागरी, समद्या त्याच सावलीत भरत्यात. आन हे — नगरच्या नळाखाली पाय धुवत बसनारा मानूस हाय का हा? तितं नेलं तरी आभाळातच बघंल, आन आभाळात काय नसंल. मग मला काय, मी आपली तशीच.

ते बघा, आले. वळनावर. कशी चाल झालीय बघा, मान खाली घातलीय, म्हंजे आज बी न्हाई दिसली. तुमी काय बोलू नका. उठू बी नका. त्यांनी रामराम केला तर रामराम करा, तेवढंच. तुमी सांगायचं न्हाई. ते माझ्याकडं हाय.

आवो, पायताण काढू नका. पानी संपलंय घरातलं, पाव्हनं आलेत, दोन घागरी पानी आना. तुमालाच म्हनते, दुसरं कोन हाय इथं? माझी पाठ धरलीय, मला उतरवत न्हाई आज. असू दे ती वाडीची चाल, भर दुपारी एक बाईमानूस नसतं तितं, मी पाठवलं म्हनून सांगा कुनी इचारलं तर. ह्या घ्या घागरी. असं काय बघताय, अकरा वर्सांत आज एकदा पान्याला धाडलं ना मी? एकदाच. घागरी पुऱ्या बुडत्यात त्या आंब्याखालच्या डोहात, तितंच भरा. आन भरताना जरा थांबा, दम घ्या. जा.

गेले.

आता खोडा ते सायेब. रिकामं लिवलंय ते खोडा आन वर नीट लिवा, मला वाचता येत न्हाई पन खोडलेलं कळतं. हां. आनखी एक रेघ मारा. कोयत्याचं तुमच्या पोटात ठेवा, का ठेवू नका, मी आता तुमाला काय सांगायची न्हाई. आन उठा, पिशवी घ्या, निघा. न्हाई, त्यांना भेटायला थांबू नका, राजूरला रेंज हापिसात कागद पाठवा, त्यांना तो मिळंल. आता वर बघितलं असंल त्यांनी. चढ चढून येतील तवा त्यांचं तोंड कसं झालेलं असंल मला ठाऊक हाय, ते माझ्यासाठी कदी झालं न्हाई. तसल्या तोंडाकडं बघताना मी कुनाला दिसायला नको. जा तुमी. वाडीच्या अंगानं जा, झऱ्याकडनं नका.